पाटीवरचा ‘नवा’

पिंप्राळ्यातल्या आमच्या दुकानावर पाटी होती : ‘जुना टीव्ही नवा करून मिळेल.’ ह्यांनी ती स्वतः रंगवलेली आणि त्यातल्या ‘नवा’वर त्यांचा भारी जीव. जुने टीव्ही विकत घ्यायचे, एकाची पिक्चर ट्यूब दुसऱ्याच्या खोक्यात बसवायची, पॉलिश मारून विकायचे, हा आमचा धंदा.

एका दुपारी परवाने तपासणारे साहेब पाटी वाचूनच आत शिरले. “नवा करता म्हणजे माल तयार करता. तयार करायचा परवाना दाखवा.”

आमच्याकडे होता तो नुसता विक्री-दुरुस्तीचा. हे चाचरत म्हणाले, “दुरुस्तीच आहे ती, साहेब.” साहेबांनी बॅगेतून सील करायची लाख काढून टेबलावर ठेवली. दुकानाला कुलूप म्हणजे घरातल्या चुलीलाच कुलूप.

बाकावर पारोळ्याकडचे एक आबा बसले होते, आमच्याकडून घेतलेला टीव्ही न्यायला आलेले. साहेबांनी त्यांनाच विचारलं, “हा दुरुस्त केलाय की नवा?” मी जीव तोडून खुणावत होते, पण नेमकी आबांच्या डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीच्या बाजूला उभी. मोतीबिंदू काढला होता त्यांचा.

आबा कौतुकानं म्हणाले, “बठ्ठा नवा करी दिन्हा, साहेब. येस्ना हातले गुण शे.”

झालं, ‘सगळा नवा करून दिला’ म्हणणारा साक्षीदारच मिळाला. साहेब लाख वितळवायला काडेपेटी शोधू लागले. मला आबांचा असा राग आला की बोलायची सोय नाही. आमच्याकडे सांधलेल्या चपलेलाही ‘नवी करी दिन्ही’ म्हणतात, हे बाहेरगावच्या माणसाला कोण सांगणार?

मी विचारलं, “आबा, डोळ्याचं काय झालं?”

“डाक्टरनी तोबी नवा करी दिन्हा.”

“मग साहेब,” मी म्हणाले, “त्या डॉक्टरांकडेही डोळे तयार करायचा परवाना मागा.”

साहेब हसले नाहीत. आबांच्या पट्टीकडे बघून त्यांनी लाख उचलून बॅगेत टाकली. “पाटीवरचा शब्द आजच काढा. आणि प्रत्येक टीव्हीवर ‘जुना’ लिहा.”

ह्यांनी पहिला ‘जुना’ आबांच्याच टीव्हीवर लिहिला. आबा हिरमुसले. “जुना का बरं लिखतस? नवा करी दिन्हा ना?” ह्यांनी शिडी लावून पाटीवरचा ‘नवा’ खरवडला आणि रिकाम्या जागी ‘चालता’ लिहिलं. दुकान वाचलं होतं, तरी ते बराच वेळ शिडीवरून उतरेनात.