जाळायची लोकर

सोमीबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. हातपंपावरून तीन हंडे, चुलीवर पाच भाकरी, तीन शेळ्यांना पाला. मग विसरवाडीच्या फाट्यापर्यंत पाऊण तास चाल. सहाच्या टेम्पोत गावच्या अकरा बाया उभ्यानं जायच्या. टेम्पो कुणासाठी थांबत नसे.

काम नवापूरकडच्या एका लोकरीच्या गोदामात. लोकर परदेशातून यायची, दाबून बांधलेल्या गाठींत. एका गाठीला चार माणसं लागत, तेव्हा ती जागची हलायची. बायांनी लोकर टेबलावर पसरायची आणि शेणाचे, काट्यांचे गुंते हातानं तोडायचे. चांगला हात दिवसाला शंभर किलो काढी. सोमीबाईचा सव्वाशे काढायचा. संध्याकाळी तिची बोटं मिटायची नाहीत.

मुकादम मोतीलालनं नियम पहिल्याच दिवशी सांगितले होते. सरकारी तपासणीचा कागद आल्याशिवाय गाठ उघडायची नाही. कामाचे कपडे इथंच ठेवायचे. झाडलोट भट्टीत जाळायची. फाटकाबाहेर एक केससुद्धा जाता कामा नये.

"रोग लोकरमा बशीसन येस, बाई. डोयाले दिखत नही. जनावर पटकन मरस, नाकमाईन काळं रक्त येस. तसं मरनं तर चिरानं नही. चिरं का रोग मोकळा."

"आणि आमच्याच नाकातून आलं तर?" शांतीबाईनं विचारलं.

"तुमले कोन चिरी?"

सगळ्या हसल्या. सोमीबाईही हसली.

डिसेंबरात थंडी पडली. शेळ्यांचा गोठा एका बाजूनं उघडा होता. नवरा गेल्यापासून तो तसाच होता. पत्र्यांसाठी ती पगारातून बाजूला टाकत होती, पण पत्रे यायला अजून दोन महिने होते आणि थोरली शेळी गाभण होती.

त्याच आठवड्यात उतरवताना एक गाठ फाटली. तिचा कागद आलेला नव्हता. सांडलेलं गोळा करून भट्टीत टाकायचं काम सोमीबाईवर आलं. पाच पोती भरली. चार तिनं जाळली. पाचव्यापाशी हात थांबला. मऊ, उबदार लोकर. जाळायचीच, तर गाभण शेळीच्या अंगाखाली का नको? ते पोतं तिनं मागच्या भिंतीवरून टाकलं आणि सुटल्यावर झुडपातून उचललं. टेम्पोत कुणी विचारलं तर म्हणाली, भुसा आहे.

चौथ्या दिवशी पहाटे चारला ती गोठ्यात गेली. थोरली शेळी लोकरीवर आडवी पडली होती. पोट फुगलेलं, नाकापाशी काळं रक्त. ते गोठलं नव्हतं.

उजाडता उजाडता दीर रायसिंग सुरी घेऊन आला. मेलेलं जनावर गावात वाया जात नसे. चार घरांतून पातेली आली.

"चिरू नका भाऊजी. आजारी होती."

"म्हणून तर घाई, वहिनी. उद्या कोण खाणार?"

"रोग आहे तो."

"शेळीचा रोग तुला काय माहीत? डॉक्टरीण झाली का कंपनीत जाऊन?"

लोक हसले. रायसिंग खाली बसला, शेळीचा पाय धरला. सोमीबाईला टेम्पो आठवला. सहाला बाया फाट्यावर उभ्या राहणार होत्या. तोंड उघडलं तर गोदाम बंद होणार होतं, उद्यापासून तिथं कुणीच उभं राहणार नव्हतं. तिनं सुरीचं पातंच धरलं.

"मी चोरी केलीय. ती लोकर जाळायची होती. रोगाची असेल म्हणून जाळायची होती."

"चोरीनं मटण कडू होतं का? सोड, हात कापेल."

"कापू दे. रोग आला तेव्हा कोंबड्या पुरल्या होत्या ना नवापुरात, खड्डे खणून? उगाच पुरल्या होत्या का?"

रायसिंगनं सुरी सोडली. कोंबड्यांचे खड्डे त्यानं रोजानं खणले होते. एकेक करत पातेली परत गेली. शांतीबाई मात्र रिकामं पातेलं घेऊन उभीच राहिली.

"एका पोत्यासाठी अकरा चुली विझवल्यास गं."

सोमीबाईनं कापलेला तळवा पदरात गुंडाळला.

जनावरांचा डॉक्टर आला. शेळीच्या कानातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. हाताला पट्टी बांधून घ्यायला आणि गोळ्या घ्यायला सोमीबाईला दवाखान्यात पाठवलं. गोठ्यातलं सगळं जाळायचं, शेळी पुरुषभर खोल पुरायची, खाली-वर चुना टाकायचा, असं सांगून गेला. दुपारपर्यंत दुसरी शेळी गेली. दुसऱ्या दिवशी तिसरी.

खड्डा रायसिंगनं आणि तिनं खणला. हातभर खाली मुरूम लागला. दीड दिवस गेला, दोन कुदळींचे दांडे मोडले. पट्टीतून रक्त येत होतं, तरी ती खणत राहिली. कुत्री हाकलायला तो रात्रभर तिथंच बसला.

डॉक्टरनं वर कळवल्यावर गोदामाला सरकारी कुलूप लागलं होतं. मोतीलालनं आठवड्याचा पगार फाटकातूनच तिच्या हातात ठेवला.

"तू खरं सांगी दिधं, बाई. पन आते येऊ नको."

"बाकीच्या बाया?"

"कागद येवाले पाहिजे. मंग दखू."

पत्र्यांसाठी ठेवलेलं तिनं त्या पगारात घातलं. रिक्षाभाडं धरून चुन्याच्या आठ गोण्या आल्या. डोक्यावर एकेक घेऊन तिनं त्या रस्त्यापासून खड्ड्यापर्यंत आठ फेऱ्यांत नेल्या.