डेकवरची काकूंची ओसरी

बेलापुरात आमच्या शेजारच्या काकू ओसरीवर ताट घेऊन बसल्या की आधी रस्त्याकडे बघतात. जो दिसेल त्याला म्हणतात, "या जेवायला." तसं आपण सगळेच म्हणतो, पण समोरचा खरंच येणार नाही हे धरून. काकू मात्र म्हणता म्हणता बाजूला सरकतात. मला ते अजून जमलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाने आम्हा दोन्ही घरांना मुंबईहून क्रूझवर नेलं. आईला निवांत बसता यावं म्हणून त्याने डेकवर कबाना, म्हणजे पडदे लावलेली खासगी जागा, दिवसभरासाठी भाड्याने घेतली. फळांची थाळी आली तशी काकूंनी पडद्याला गाठ मारली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका सुरू केल्या.

मुलगा हळूच म्हणाला, "आई, ही फक्त आपल्यासाठी घेतलीय."

"व्हय, आपलीच हाय. म्हनून तर बोलावती."

लोक आधी नुसते हसले. मग उन्हाने कावलेल्या एक गुजराती आजी आल्या, मागून त्यांचं सगळं कुटुंब. काकू सरकत राहिल्या. शेवटी आत जागा उरली नाही आणि मुलगा बाहेर उन्हात तोंड पाडून उभा.

काकूंनी मांडी आवळून वीतभर जागा केली. "ये की. तुला काय आवतान लागतं व्हय?"