दुसऱ्या दिवसाची वाट

वारज्यात बायकांना स्कूटर शिकवणारी ती मुलगी तिशीची असेल. मी पन्नाशीत तिच्याकडे शिकायला गेले, तेव्हा म्हणाली, "काकू, गाडी पडली तर मी उचलीन. तुम्ही मात्र पडू नका, तुम्हाला उचलणं अवघड आहे." बोलणं असं, पण तोल गेला की धरायला पहिला हात तिचाच. हसायची मोठ्याने, आणि हसताना ओठावरची जुनी खूण बोटांनी झाकायची. ती खूण तिच्या मित्राने मारल्याची होती. "त्याने मारलं, मी त्याला सोडलं," एवढंच तिने मला सांगितलं होतं.

एका सकाळी तिचा तो मित्र रस्त्याच्या कडेला गुलाब घेऊन उभा दिसला. त्याला बघून तिचा चेहरा खुलला. मी चकित झाले.

"दिसलं ना?" ती हळूच म्हणाली. "अजून हसू येतं. मारलं की दुसऱ्या दिवशी तो असाच यायचा. रडायचा, हाताने भरवायचा. इतक्या मायेने मला कुणीच भरवलं नव्हतं. त्या दुसऱ्या दिवसासाठी मी थांबत राहिले, काकू."

तो हाका मारत जवळ येऊ लागला. ती चटकन स्कूटरवर माझ्या मागे बसली. "चला, काढा गाडी."

"अगं, मला डबलसीट येत नाही."

"आज येईल."

आम्ही नागमोडी त्याच्यासमोरून गेलो. तिने माझे खांदे घट्ट धरले होते. पुढच्या चौकात उतरून तिने डोळे पुसले.

"आठवण येणारच. येऊ दे," ती म्हणाली. मग खुदकन हसली. "पण मघापासून इंडिकेटर चालू आहे तुमचा. वळणार कुठे होतात?"