कुडपणच्या पाकोळ्या

बाणकोटला आगबोट सोडली आणि पडावाने सावित्रीतून दासगावाकडे निघालो. ओहोटीने दावा साधला; पडाव गाळात रुतला आणि मे महिन्याच्या उन्हात मी दुपारभर भाजून निघालो. एवढी यातायात कशासाठी, तर अंगठ्याएवढ्या पाकोळीसाठी (किडे खाणारे लहान वटवाघूळ). शाळेत सृष्टिज्ञान शिकवणाऱ्याला असली खुळे जडतात.

महाड, पोलादपूर मागे टाकून कुडपणचा चढ चढलो. धोंडूबा नावाच्या शेतकऱ्याने ओटीवर जागा दिली. नाचणीची भाकरी आणि जवळ्याची (बारीक सुकी कोळंबी) चटणी पुढे आली. त्याची मुलगी पारू बाळंतपणाला आली होती. तिचे पहिले मूल जन्मताच गेले होते, म्हणून घरात सगळे दबकून बोलत.

पाकोळ्या तिच्याच खोलीत, तुळईजवळच्या फटीत राहत. बाळंतिणीच्या डोक्यावर हे नको, असे सुईणीने बजावले होते. पण पोटुशी लेक घरात असताना जीव मारायचा नाही, असा धोंडूबाचा नेम. मी गावात फेरफटका मारायला गेलो होतो, तेवढ्यात दिवेलागण झाली. पाकोळ्या डास टिपायला बाहेर पडल्या आणि त्याने फट शेणमातीने लिंपून टाकली.

"एक पन मारली नाय," मी परतल्यावर तो समाधानाने म्हणाला.

या दिवसांत पाकोळीला उघडी, आंधळी पिल्ले असतात. एक, नाहीतर दोन. शिकारीला जाताना आई त्यांना फटीतच ठेवते आणि परतल्यावर वासाने, आवाजाने आपले नेमके हुडकते. मी हे सांगितले मात्र, धोंडूबा कोयती घेऊन धावला.

लिंपण निघाले. ओल्या मातीखाली बरीच पिल्ले गुदमरली होती. बाहेर घिरट्या घालणाऱ्या आया आत शिरल्या. काहींनी जिवंत पिल्ले पोटाशी घेतली. एकीने मेलेलेच पिल्लू पंखाखाली ओढले आणि ती त्याला चाटत राहिली.

पारू कंदील धरून उभी होती. "बा, तिला कळलं नाय अजून," ती म्हणाली. "मला बी येळ लागला व्हता."

धोंडूबाने कोयती खाली ठेवली. मला तिथून पळून जावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी तो पोलादपूरपर्यंत सोबत आला. निरोप घेताना एकदम म्हणाला, "मास्तर, माझ्या पोरीचं ह्ये तरी जगंल ना?"

"जगेल," मी म्हणालो.

स्वतः न पाहिलेली गोष्ट वर्गात मी कधी ठामपणे सांगितली नाही. त्या बापाला मात्र सांगितली, आणि बाणकोटपर्यंत ती खरी ठरावी म्हणून देवाला विनवत राहिलो.