मावशी दहा आकडे गप्प बसते

माझी मावशी शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात शिकवते, आणि तिच्या तोंडाला कुलूप घालणारा अजून जन्माला यायचाय. प्रश्न विचारणार तीच आणि उत्तर देऊन मोकळी होणारही तीच. मी तिची भाची, राहते तिच्याचकडे, आणि वर विद्यार्थिनी, त्यामुळे माझी घरीदारी कुठेच सुटका नाही.

यंदा परदेशातल्या एका कॉलेजाशी आमचा करार व्हायचा होता. तिथल्या एक बाई महिनाभर आमच्याकडे आल्या. त्यांनी आणि मावशीने मिळून कॉलेजाच्याच शाळेत चौथीच्या वर्गावर एक पाठ घ्यायचा. तो जमला तर पुढच्या वर्षी आम्ही सहाजणी त्यांच्याकडे शिकायला जाणार, नाहीतर बसा घरी.

तयारीतच दोघींचं बिनसलं. पाहुण्या म्हणाल्या, प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायचे, तोवर हूं की चूं करायचं नाही. मावशी म्हणाली, बावन्न पोरं आहेत, दहा आकड्यांत छप्पर उडेल. दुभाषी मी. दोन्हीकडची वाक्यं मऊ करता करता माझा घाम निघाला. मग पाहुण्यांनी एकटीने वर्ग घेऊन पाहिला आणि खरंच छप्पर उडालं. तेव्हा मावशीने त्यांना आपली टाळी शिकवली: दोन सावकाश, तीन झटपट, की पोरं चिडीचूप. त्या दिवसभर व्हरांड्यात टाळ्या वाजवत फिरत होत्या. त्यांनी तिची टाळी उचलली, आता त्यांचे दहा आकडे मोजायला मावशीला माघार घेता येईना.

पाठाच्या दिवशी तिने दोन ओले रुमाल दाखवले, एक पसरलेला, एक घडी घातलेला. आधी कोणता वाळेल आणि का, असं विचारून तिने झटकन पेपरमिंट तोंडात टाकली. सहा झाले, सात झाले. मावशीचे ओठ हलले आणि मला वाटलं, गेलं आमचं वर्ष. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची, आजवर तोंड न उघडलेली मुलगी उभी राहिली.

"पसरलेला. घडीच्या आत वारा जात नाही. आमच्या लाँड्रीत चादरी पसरूनच टाकतात."

मावशीने पेपरमिंट कडकन चावली. करार तीन वर्षांचा झाला. आम्ही व्हरांड्यात अक्षरशः नाचलो. मावशी मात्र हसता हसता डोळे पुसत होती.

"एकतीस वर्षांत किती पोरांची उत्तरं मीच देऊन टाकली असतील गं?"

संध्याकाळी घरी तिने माझ्याकडे बोट करून काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, विचारलं, पोरीला एवढ्या लांब पाठवावं का? आणि गप्प बसली. काकांनी मागे कुणी उभं आहे का ते पाहिलं, मग चष्मा काढला.

"मला विचारतेयस? पाठव की. आणि तूही जा."