भेंडीचं पाणी आणि दाजींचा डावा हात

मी थापाड्या आहे हे शिरूरच्या एसटी स्टँडापासून दौंडच्या रेल्वे फाटकापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. दाजींनी त्या दिवशी सतरा माणसं लोळवली, असं मी सांगत फिरतो. खरी तीन होती. मार मात्र सतरा जणांचा होता.

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, कासुर्डीच्या गुऱ्हाळावरचे गुळवे. उसाच्या रसाची उकळती कढई, म्हणजे काहील, कधी उतरवायची हे त्यांनी बोलायचं आन् बाकीच्यांनी ऐकायचं. त्या हंगामात मात्र काहिलीखालच्या चुलवाणाजवळ उभं राहिलं की त्यांचे पाय लटपटायचे, डाव्या डोळ्यापुढं धुकं यायचं. झाडाखाली जाऊन बसले की तासाभरात माणूस ठणठणीत. सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ काढला. दोन काहिली बिघडल्यावर मालकानं बजावलं, तिसरी बिघडली तर यवतहून दुसरा गुळव्या आणीन.

मी रांजणगावच्या कंपनीतून सुट्टी काढून गेलो होतो. दाजी डुलत डुलत रसावरची मळी काढत होते. चुलवाणात चिपाडं सारणारा गडी खालून म्हणाला, "मामा, आज न्याहारीलाच घेतली व्हय? आम्हाला बी इचारायचं."

दाजींनी मळीचा झारा त्याच्या तोंडावर हाणला. उडालेला दात भांडगावात सापडला, असं माझं म्हणणं आहे. त्याचे दोघं सोबती धावून आले. एकाचं नाक दाजींनी कपाळानं फोडलं, दुसऱ्याचा दंड दातांत धरला. गड्यानं रक्त थुंकत उठून ओंडका त्यांच्या बरगड्यांवर घातला. मी सोडवायला मधे पडलो, असं ताईला सांगितलंय. होतो मी उसाच्या मोळ्यांमागं.

दाजींनी उजव्या हातानं गड्याचा गळा धरला, तेवढ्यात त्यांचा पाय दुमडला. तोल सावरायला त्यांनी डावा हात टेकला, तो काहिलीत. उकळत्या पाकात, मनगटापर्यंत.

इथं मी काही वाढवून सांगत नाही. हात बाहेर आला, कातडी मोज्यासारखी सुटली, आणि ते उजव्या हातानं गड्याचा गळा आवळतच राहिले. ओरडले नाहीत. त्यांना कळलंच नव्हतं. शेवटी गडीच घुसमटत म्हणाला, "मामा, तुमचा हात बघा."

पुण्याच्या दवाखान्यात हाताबरोबर मेंदूचेही फोटो निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे दारूचं नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचे राखणदारच मेंदूत शिरून नसांवरचं वेष्टन कुरतडतात. म्हणून हाताला चटका कळला नाही. उष्णतेनं नजर आणि पाय आणखी ढिले पडतात."

"आन् राखणदारांना भडकवतंय कोण?" दाजींनी असं विचारलं, की पत्ता मिळाला तर झारा घेऊनच निघतील.

"पुरतं कुणालाच ठाऊक नाही. पेशींच्या अंगावर साखरेची लव असते. काही प्रथिनं ती साखर पकडतात. त्यातलं एखादं मारामारी सोडवतं, एखादं पेटवतं, एखादं दोन्ही करतं."

"म्हंजी भेंडीचं पाणी." दाजींना पटलं.

बाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी समजावलं, ठेचलेल्या भेंडीचं चिकट पाणी उसाच्या रसात ओततात, ते घाण धरून वर आणतं, तीच मळी.

"बेतानं टाकलं तर गूळ सोन्यावाणी," दाजी म्हणाले. "जादा झालं तर काहील बाद. माझ्या डोक्यात जादा कुणी वतलं, तेवढं सांगा."

"तेच शोधतायत, काका. त्या प्रथिनांवरचं औषध आज तरी न्हाई," बाईही आमच्यासारखंच बोलून गेल्या. सूज उतरवायला स्टिरॉइड दिलं आणि चुलवाणाजवळ जाणं कायमचं बंद केलं.

दाजी परतले तेव्हा यवतचा गुळव्या काहिलीवर उभा होता. दाजी तीस पावलांवर लिंबाखाली बसले आणि मालकाला म्हणाले, "एक काहील. बिघडली तर मला चुलवाणात सारा."

गड्यानं पाकाची गोळी गार पाण्यात वळली. दाजींच्या दोन्ही हातांची बोटं आता बधिर होती, गोळी चाचपता येईना, म्हणून आवाज ऐकायला ती त्यांच्यापुढच्या पत्र्यावर आपटली. "कच्ची," दाजी म्हणाले. यवतचा म्हणाला, "झाली की." मालकानं आणखी एक गोळी मागवली. दुसरी गोळी आपटली. तिसरी टणकन वाजली.

"उतरवा."

गूळ असा बसला की ढेपेवर आपटून नारळ फुटला. खरंच फुटला, मीच फोडला. यवतचा गुळव्या संध्याकाळच्या एसटीनं गेला.

पुढं दाजींचे पाय गेले, कान राहिले. ते असेपर्यंत प्रत्येक काहिलीला तोच दात उडालेला गडी गोळी घेऊन लिंबाखाली यायचा. पत्र्यावर फेकायचा आन् लगेच मागं सरायचा, झारा पोचणार नाही इतका.