हगवणीची गोळी

बहिणीच्या हाडांत आता माझ्या पेशी आहेत. नागपूरला तिचं बोन मॅरोचं प्रत्यारोपण झालं, तेव्हा देणारी मीच होते. अकोल्याला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं. या नव्या पेशी तिच्या शरीराला परकं समजून त्याच्यावरच उठू शकतात, त्या म्हणाल्या. पहिला घाव बहुधा कातडीवर आणि आतड्यावर. आतड्यातले चांगले जिवाणू त्यांना काबूत ठेवायला मदत करतात, आणि अँटिबायोटिकनं तेही मरतात, म्हणून आम्हीही ते निवडून, गरजेपुरतंच दिलं. ताप आला, जुलाब झाले, तळहात लाल दिसले तर आधी फोन. मनानं एकही गोळी नाही.

मला हे कुणी नव्यानं पटवायची गरज नव्हती. वडील चळवळीतले; आमच्या घरात पत्रकं भाकरीसोबत वाढली जायची. त्यांचं 'डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषध विकू नका' हे पत्रक शाळेत असताना मी गल्लीभर वाटलं होतं. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला हसला होता, "ठेव बाई, पुड्या बांधाले कामी येते." आजही पोट बिघडलं म्हणताच तो काही न विचारता गोळ्यांची पट्टी कापून देतो. लोक याला सेवा म्हणतात. हा धंदा आहे, आणि आपण सगळे त्याचे मुकाट गिऱ्हाईक.

मी दारावर पहारा दिला. दर्यापूरच्या मावशीनं प्रेमानं आणलेलं घरचं दहीसुद्धा परत पाठवलं. अशा पेशंटला तेही चालत नाही, त्यातले जिवाणू बाधू शकतात. मावशी रुसली. रुसू दे.

एका सकाळी बहीण भिंत धरत संडासातून आली.

"कधीपासून?"

"परवापासून. माय म्हने, तिले सांगू नको, ते घर डोक्यावर घेते."

माय ओट्याजवळच होती. "हगवणीची गोळी देऊन राहिली मी तिले. साऱ्या गल्लीले गुण येते, तिलेच काहून नाई येनार?"

पोह्यांच्या डब्यामागे पट्टी सापडली, अर्धी रिकामी. अँटिबायोटिकच. पण आमच्या गल्लीत त्या गोळीला त्या नावानं कुणी ओळखत नाही. मायनं आमच्याकडून 'अँटिबायोटिक नको' एवढंच ध्यानात ठेवलं होतं; तिच्या समजुतीनं तिनं पथ्य मोडलंच नव्हतं.

फोनवर डॉक्टरीणबाईंनी पट्टीवरचं नाव दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "गोळी बंद. आत्ताच्या आत्ता निघा."

नागपूरला निघालेल्या भाड्याच्या गाडीत माय पुढे बसली. मेडिकलवाल्याला काय काय सुनवायचं ते मी मनात जुळवत होते. बहीण माझ्या खांद्याला टेकली.

"ताई, पेशी तुह्याच हायेत. भांडखोरच निघतीन."

"गप व."

"त्याईले सांग ना, घरचीच पोरगी हाय म्हना."

बडनेऱ्याच्या पुढे तिनं गाडी थांबवायला लावली. बऱ्याच वेळानं परत आली, तेव्हा ओठ पांढरे पडले होते. विनोद संपले होते.

"हात दाखव," मी म्हटलं.

तिनं दोन्ही मुठी मिटल्या आणि ओढणीखाली घेतल्या.